ऐकलेला सारस मोजायचा नाही

विज्ञान दिनाला आमच्या शाळेत आलेले पाहुणे खूप शिकलेले होते. भाषणाआधी त्यांनी मुलांच्या तक्त्यांसमोरून एक फेरी मारली. आठवीतल्या एका मुलीने सारसांचा तक्ता केला होता. सारस जोडीने राहतो, जन्मभर जोडी सोडत नाही, हे गोंदिया जिल्ह्यातल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. तिच्या तक्त्यावर मात्र तीन सारस होते, तिघांच्याही माना आभाळाकडे ताणलेल्या. "तीन कशाला काढले?" पाहुण्यांनी विचारलं. ती भराभर सांगू लागली. काही ठिकाणी जोडीला तिसरा सारस येऊन मिळतो, तिघं मिळून पिल्लू वाढवतात, तिघं एका सुरात ओरडतात, आणि हे आपल्याच देशातल्या संशोधकांनी शोधून काढलंय. सांगताना ती इतकी खुलली होती की आवाज चिरकत होता. पाहुणे हसले. म्हणाले, "छान. पण हे परीक्षेत येतं का?"

मग भाषण झालं. त्यांचं म्हणणं मी शक्य तितकं जसंच्या तसं मांडते. विज्ञान प्रयोगशाळेत होतं, यंत्रांवर होतं, आणि ते वर्षानुवर्षं शिकलेली माणसं करतात. बाकीच्यांनी बातमी वाचून 'बापरे' म्हणायचं, ही करमणूक झाली. चंद्रावर यान उतरलं म्हणून पेढे वाटले, पहाटे उठून पक्षी मोजले, शेतात टिटवीची अंडी पाहिली, ही सगळी हौस. हौसेने देश पुढे जात नाही. उलट अशा अर्धवट उत्साहातूनच अफवा पसरतात. खेड्यातल्या मुलांनी आधी गणित-इंग्रजी पक्कं करावं, नोकरीला लागावं. आश्चर्य करत बसायला पुढे आयुष्य पडलं आहे.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. घरी आलेल्या पाहुण्याला उलट बोलू नये असं आपण मानतो, म्हणून मी आभार मानले आणि माइक ठेवला. दुसऱ्या दिवशी बाकीचे तक्ते भिंतीवर होते, त्या मुलीने आपला गुंडाळून घरी नेला होता. तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. पाहुण्यांच्या भाषणातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा होता असं माझं मत आहे, आणि त्या दिवशी गिळलेलं उत्तर मी आज देणार आहे.

ज्या दिवसासाठी ते आले होते, त्या दिवसापासूनच सुरुवात करू. २८ फेब्रुवारी हा विज्ञान दिन आपण १९८७ पासून पाळतो, कारण १९२८ साली त्याच तारखेला कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाती 'रामन परिणाम' लागला. हे रामन आधी काय करत होते? १९०७ साली ते सरकारच्या वित्तखात्यात हिशेबाचे अधिकारी म्हणून लागले. बदलीची नोकरी होती. रंगूनला गेले, १९१० मध्ये आपल्या नागपुरातही होते. कलकत्त्यात असताना कचेरीला जाण्याआधी आणि कचेरी सुटल्यावर ते बहुबाजार रस्त्यावरच्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत जात आणि तारा कशा कंप पावतात, वाद्यं कशी वाजतात यावर प्रयोग करत. विद्यापीठात प्राध्यापक झाले ते थेट १९१७ साली. म्हणजे दहा वर्षं या माणसाने पगार हिशेबाचा घेतला आणि विज्ञान हौसेने केलं. हौस हाच शब्द त्याला लागू पडतो, दुसरा नाही.

पुढे १९२१ मध्ये इंग्लंडहून बोटीने परत येताना त्यांनी भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहिला आणि त्यांना आश्चर्य वाटलं. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं तेव्हाच्या मोठ्या शास्त्रज्ञांनी सांगून ठेवलं होतं. रामन यांनी डेकवर उभं राहून एका लहानशा प्रिझममधून पाणी पाहिलं, प्रतिबिंबाची चमक त्यातून वगळली, तरी समुद्र निळा तो निळाच. त्या बोटीवरच्या प्रत्येक प्रवाशाला तोच समुद्र दिसत होता. कित्येकांनी 'किती सुंदर' म्हटलंही असेल. पण पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं की काय, हा प्रश्न तिथे डेकवर उभा राहिला, आणि सात वर्षांनी के. एस. कृष्णन यांच्या साथीने त्या वाटेवरून ते आपल्या शोधापर्यंत पोचले. सुरुवातीच्या निरीक्षणांत दिवा म्हणजे सूर्य होता आणि पाहण्याचं साधन म्हणजे माणसाचा डोळा. १९३० साली नोबेल मिळालं. या माणसाच्या नावाने साजऱ्या होणाऱ्या दिवशी मुलांना 'आश्चर्य नंतर करा' असं सांगणं मला फार लागलं.

यावर कुणी म्हणेल, रामन एखादाच होतो, प्रत्येक पोर रामन होत नाही. मान्य. म्हणून आता ज्यांना कोणी रामन म्हणणार नाही अशा माणसांबद्दल सांगते.

दरवर्षी जूनच्या मध्यात, पाऊस लागायच्या आधी, आमच्या जिल्ह्यात सारसगणना होते. वनविभाग असतो, 'सेवा' ही गोंदियाची संस्था असते, आणि त्यांच्यासोबत शेतकरी, कॉलेजची मुलं, शिक्षक, दुकानदार असे कितीतरी लोक. मोजणी भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्येही होते, कारण वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या दोन्ही काठांवर हेच पक्षी ये-जा करतात. सारस रात्री उथळ पाण्यात उभ्यानेच झोप काढतात आणि उजाडलं की चरायला बांध्यांमध्ये पांगतात. म्हणून मोजणाऱ्याला अंधार असतानाच तलावावर पोचावं लागतं. सगळ्या ठिकाणी एकाच वेळी मोजायचं. कोणता पक्षी किती वाजता कुठल्या दिशेला उडाला ते लिहायचं, म्हणजे एकच सारस दोन गटांच्या कागदांवर चढत नाही. मोठ्या सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लालभडक असतो, पिल्लाचं डोकं तपकिरी. तेही वेगळं टिपायचं.

एका वर्षी मी अशाच एका तलावाच्या पाळीवर बसले होते. सोबत एक कॉलेजचा मुलगा आणि दोन शेतकरी. त्यांतले एक काका चौथीपर्यंत शिकलेले. पूर्वेकडे जरा फटफटलं तशा पाण्यात तीन काळ्या आकृत्या दिसू लागल्या. तेवढ्यात पलीकडच्या बेशरमाच्या झुडपांमागून आणखी एक साद आली. सारसाचा आवाज ज्याने ऐकलाय त्याची चूक होत नाही, छातीत घुमतो तो. मुलाने लगेच कागदावर ४ लिहिले.

काकांनी विचारलं, "चवथा दिसला का?"

"आवाज आला ना काका. तुम्हीपण ऐकला."

"आयकला. दिसला नाई. मंग लिहाचा नाई."

मुलगा म्हणाला, आवाज म्हणजे पक्षी आहेच की तिथे. काका म्हणाले, असेल. पण यांच्यातलाच एखादा आधी तिकडे गेला असेल आणि आपल्याला मागाहून इकडे दिसला असेल, नाहीतर पलीकडच्या गटाने तो मोजला असेल. आपण जे पाहिलं तेच आपलं. ऊन चांगलं वर येईपर्यंत आम्ही वाट पाहिली. चौथा काही बाहेर आला नाही. मुलाने ४ खोडून ३ केले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : एक आवाज ऐकला, पक्षी दिसला नाही.

मी बी.एस्सी. केलं तेव्हा प्रयोगवहीत अपेक्षित उत्तर आधी लिहून आकडे मागून बसवणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या हाताशी प्रयोगशाळा होती, यंत्रं होती, शिकवायला शिक्षक होते. त्या सकाळी पाळीवर यातलं काहीच नव्हतं, तरी विज्ञान तिथे होतं. जे दिसावंसं वाटतं आणि जे दिसलं त्यांत फरक करणं, दुसऱ्याला तपासता येईल असं लिहून ठेवणं, शंका आली तर शंका म्हणूनच नोंदवणं, याहून वेगळं प्रयोगशाळेत काय करतात?

आणि या लोकांचा सारसावर किती जीव आहे हेही लक्षात घ्या. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियात. शेजारच्या जिल्ह्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. आकडा वाढावा असं यांच्याइतकं कुणालाच वाटत नसेल. एखादा चौथा, पाचवा, सहावा लिहिला असता तर कोण तपासायला जाणार होतं? तरी गेल्या काही वर्षांत चाळिशीच्या आसपासचा आकडा तिशीकडे घसरला, तो तसाच त्यांनी लोकांसमोर ठेवला. विजेच्या तारांना धडकून सारस मरतात, धानावर मारलेली औषधं त्यांच्या पोटात जातात, तळ्यांच्या काठचा चिखलाचा भाग बुजत चाललाय, नदीतली वाळू उपसली जातेय. ही सगळी कारणं त्याच आकड्यामागून पुढे आली. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारस कमी होत असल्याची स्वतःहून दखल घेतली, ती जनहित याचिका झाली आणि प्रशासनाला उत्तरं द्यावी लागली. न्यायालयापुढे जो घसरता आकडा होता त्यामागे पहाटे पाळीवर बसलेल्या अशा माणसांच्या नोंदी होत्या. हौसेने देश पुढे जात नाही म्हणणाऱ्याने ते कागद एकदा हातात घेऊन पाहावेत.

पाहुण्यांनी ज्या तीन सारसांना हसून सोडलं, त्यांच्याकडे परत येते.

सारस म्हटला की जोडी, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. लग्नाच्या गोष्टींत, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ती आहे, एक मेला की दुसरा अन्नपाणी सोडतो असंही सांगतात. पक्ष्यांच्या पुस्तकांतही सारस जोडीचाच. के. एस. गोपी सुंदर यांनी उत्तर प्रदेशातल्या शेतशिवारांत वर्षानुवर्षं सारस पाहिले, सुहृदम रॉय यांनी गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात आणि राजस्थानातल्या केवलादेवला पाहिले, आणि दिसलं की अधूनमधून तीन मोठे सारस एकत्र राहतात. एकमेकांना हुसकत नाहीत. जोडी जशी दोघांच्या सुरात साद घालते तसे हे तिघं तीन सुरांत घालतात. पिल्लं वाढवायला तिसऱ्याची मदत होते. हजारो गट पाहिले तेव्हा अशी त्रिकुटं थोडीच निघाली, पण निघाली. यावरचा त्यांचा निबंध 'इकॉलॉजी' या जगभर मान असलेल्या नियतकालिकात आला. कसलंही महागडं यंत्र नव्हतं त्यात. ज्या पक्ष्याबद्दल सगळं ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटत होतं, त्याच्याकडे पुन्हा नीट पाहिलं, एवढंच.

मी हे त्या गणनेनंतर चहाच्या टपरीवर सांगितलं. मुलगा म्हणाला, "काय सांगता मॅडम!" काका मात्र गप्प राहिले. बशीतला चहा संपवून त्यांनी विचारलं, "हे तीन-तीन कुठं रायते? पाणी भरपूर असते तिथं, का कमी असते तिथं?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. संशोधकांनी नेमका हाच प्रश्न धरला होता. ओलाव्याच्या जागा जिथे कमी, खाणं-पाणी बेताचं, जिथे दोघांना पिल्लू जगवणं अवघड, तिथे ही त्रिकुटं अधिक आढळली. मी तसं सांगितलं. काकांनी मान डोलावली. म्हणाले, "बरोबरच हाय. रोवणीले माणूस कमी पडला का भाऊबंद बलावाच लागते."

माणसाचं उदाहरण पक्ष्याला लावताना जपून राहायला हवं, हे मला कळतं. पण त्यांचा प्रश्न उदाहरणाच्या आधी आला होता. एक नवल ऐकलं, आणि त्या माणसाच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी की हे कशावर अवलंबून असेल. 'बापरे' आणि 'कशामुळे' यांच्यामध्ये एक कप चहाइतका वेळ गेला. पाहुणे समजतात की पहिला शब्द करमणुकीचा आणि दुसरा विज्ञानाचा, आणि पहिल्याला हाकलून दुसरा आणता येतो. माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात मला तसं एकदाही जमलेलं नाही. ज्या पोराला नवल वाटलं नाही त्याने 'कशामुळे' कधी विचारलंच नाही. ते पाठ करून आलं, गुण घेऊन गेलं आणि विसरलं.

आता पोटाचा मुद्दा. धानाला भाव मिळत नाही, बोनसची वाट पाहत बसावं लागतं, पोरं रोजीरोटीसाठी गाव सोडतात. हे खरं आहे आणि यातल्या घरांतूनच माझी मुलं येतात. म्हणून कुतूहल ही पोट भरलेल्यांची चैन आहे असं कुणी म्हटलं की मी त्यांना ताटाकडे बोट दाखवते. आमच्याकडच्या बाजारात एचएमटी तांदूळ माहीत नसलेला माणूस सापडायचा नाही. तो वाण दादाजी खोब्रागडे यांनी काढला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड त्यांचं गाव, शाळा तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. रंग निराळा, दाणा बारीक.

धान लावणाऱ्या प्रत्येकाला बांधीत अशी एखादी वेगळी लोंबी कधी ना कधी दिसते. बियाण्यात भेसळ झाली म्हणतो आणि उपटून धुऱ्यावर फेकतो, किंवा बाकीच्यांसोबत कापून टाकतो. दादाजींनी ती वेगळी काढली, बी जपून ठेवलं, पुढच्या हंगामात वेगळं लावलं. त्यातलंही निवडलं, पुन्हा लावलं. असं कितीतरी हंगाम. वाण स्थिर झाला, चांगला पिकला, शिजवला तर भात चवदार. तेव्हा एचएमटी घड्याळाची चलती होती, एका व्यापाऱ्याने धानाला तेच नाव दिलं. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तो शुद्ध करून 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने आणला. दादाजींनी नंतर आणखी वाण काढले, सगळे मिळून नऊ. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, हलाखीतच गेले, आणि या माणसाचं देणं आपण फेडलं नाही ही गोष्ट मला आजही टोचते.

पण पाहुण्यांना मला विचारायचंय ते वेगळंच. तीन इयत्ता शिकलेल्या त्या माणसाला बांधीत उभं असताना कुणी सांगितलं असतं, की दादाजी, हे काम प्रयोगशाळेचं, तुम्ही आपली मजुरी पाहा, तर कितीजणांच्या ताटातला भात आपण धुऱ्यावर टाकला असता?

राहिला अफवांचा आरोप. हा सगळ्यांत वजनदार आहे, आणि इथे मी पाहुण्यांशी निम्मी सहमत आहे. अफवा पसरतात. दर उन्हाळ्यात आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही तो मेसेज येतो : उद्या पहाटेपासून पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, नेहमी ९ कोटी किलोमीटरवर असते ती १५ कोटी २० लाखांवर जाणार, थंडी वाढेल, सर्दी-खोकला होईल, गरम पाणी प्या. मागे 'नासा'चं नाव. शिकलेली माणसं तो पुढे पाठवतात, त्यांत पदव्युत्तर शिकलेली असतात. थांबवला कुणी? सातवीतल्या एका मुलाने. त्याच्या वडिलांच्या फोनवर आला, त्याने भूगोलाचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की सूर्य सरासरी १५ कोटी किलोमीटरवर आहे. मग ९ कोटी कुठून आले? तो मला विचारायला आला. मी त्याला सांगितलं की पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला खरंच सूर्यापासून सर्वांत लांब असते, १५ कोटी २० लाख हा आकडाही बरोबर आहे. खोटा आहे तो नेहमीचा म्हणून सांगितलेला ९ कोटींचा. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सर्वांत जवळ असतो तेव्हाही अंतर १४ कोटी ७० लाखांच्या आसपास. फरक तीन टक्क्यांचा. तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मंग मॅडम, जवळ असतो तेव्हाच आपल्याकडे थंडी कशी?"

या एका प्रश्नापायी तीन तास गेले. चेंडू आणला, बॅटरी आणली, पृथ्वीचा आस कलता धरला. मे महिन्याच्या शेवटी गोंदियात एक दिवस असा येतो की भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. तेव्हा सुट्टी असते, पण चार मुलं अंगणात पाइपाचा तुकडा रोवून ते पाहायला बसली. सावली आटत आटत गेली आणि क्षणभर पाइपाभोवती काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी केलेला आरडाओरडा ऐकून शेजारच्या आजी धावत आल्या, कुणी पडलं की काय म्हणून. त्यांनाही दाखवलं. त्या कितीतरी उन्हाळे याच अंगणात काढत होत्या, आणि हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. तो मेसेज त्या पोरांच्या घरी परत आला तर ती काय करतील हे मला सांगायला नको. अफवेला गिऱ्हाईक मिळतं ते जिथे नवलाची भूक आहे आणि खरं नवल कुणी वाढत नाही तिथे. पाहुणे ती भूकच मारायला सांगतात. भूक मरत नाही हो, ती मिळेल ते खाते.

उत्साहाला तपासायची सवय लागली पाहिजे, हे मात्र मी शंभरदा मान्य करीन. त्यांनी टिटवीचा उल्लेख केला होता, म्हणून टिटवीबद्दल सांगते. आमच्याकडे, आणि सगळ्या महाराष्ट्रातच, मे महिन्यात बातमी येते : टिटवीने चार अंडी घातली, चार महिने भरपूर पाऊस. मुलं दरवर्षी तो कागद आणून दाखवतात. मी कधीच 'ही अंधश्रद्धा आहे' म्हणून सुरुवात केली नाही. एक वही केली. रकाने आखले : घरटं कुठे, तारीख, अंडी किती, टोकं कुठल्या बाजूला, आणि शेवटी त्या वर्षीचा पाऊस. घरट्यापासून लांब उभं राहायचं, अंड्याला हात लावायचा नाही, टिटवी ओरडायला लागली की मागे फिरायचं.

दुसऱ्या वर्षीच एक मुलगी वही घेऊन आली. "मॅडम, हिच्यात सगळ्याच घरट्यांत चार-चार आहेत. एखाद्यात तीन." मी तिला पक्ष्यांचं पुस्तक दिलं. तिने शोधून वाचलं : टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते, निमुळती टोकं आतल्या बाजूला. पाऊस धो-धो पडो की दडी मारो, अंडी चारच. ती बराच वेळ पुस्तकावर बोट ठेवून बसली होती. मग म्हणाली, "म्हणजे बातमी दरवर्षी खरीच ठरणार ना. अंडी चार, पावसाळा चार महिन्यांचा."

हे तिला मी शिकवलेलं नाही. तिने पाहिलं, मोजलं आणि फसवणूक कुठे होते ते स्वतः हुडकून काढलं. ती आणि विज्ञान दिनाला तीन सारस काढणारी मुलगी, दोघी एकाच गावच्या, एकाच टमटममधून शाळेत येतात. वही आता सारस काढणाऱ्या मुलीकडे आहे. पावसाचा रकाना भरायला कोणता आकडा घ्यायचा, तालुक्याचा की आपल्या गावातला, यावर दोघींचं भांडण चाललंय. गावचा घ्यायचा तर आपलं पर्जन्यमापक हवं, म्हणून काल त्यांनी माझ्याकडे सरळ कडांची एक बाटली आणि पट्टी मागितली.